सातव्या मजल्यावरच्या फ्रिजची बारीक धार: दुरुस्तीच्या नोंदी

8 जून 2024, शनिवार

घर मुलुंड पूर्वेला, सात मजली इमारतीत सातव्या मजल्यावर. फ्रिज दोन उभ्या दारांचा, डाव्या म्हणजे फ्रीझरच्या दारात पाण्याचा आणि बर्फाचा डिस्पेन्सर. धार घेतल्यापासूनच बेताची होती, पण मेअखेरपासून इतकी बारीक झाली की सासूबाई तांब्या लावून ठेवतात आणि मधल्या वेळात कोथिंबीर निवडतात.

आज काही उघडलं नाही, फक्त मोजलं. केकसाठी वापरते तो मोजकप आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. सकाळी आठ वाजता 10 सेकंदांत 50 मिली. दुपारी तीनला त्याच कपात 65. फ्रिजच्या पुस्तकात 10 सेकंदांत निदान पाऊण कप, म्हणजे साधारण 180 मिली पाणी यायला हवं असं दिलंय.

हे काम कोणी करणार असेल तर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजा आणि वेळ लिहून ठेवा. फ्रिजमधला बिघाड सकाळी एक आणि दुपारी एक असं वागत नाही. सकाळी आठला अख्खी इमारत आंघोळीला असते. संशयाची सुई पहिल्यांदा नळाकडे वळली ती इथेच.

10 जून, सोमवार

सेवा केंद्राचा माणूस येऊन गेला. कपभर पाणी सोडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, फिल्टर पण गेलाय आणि मागचा व्हॉल्व्ह पण." दोन्ही मिळून साडेसहा हजार. फ्रिज ओढून मागे बघितलं नाही, नळाचं प्रेशरही तपासलं नाही. विचारल्यावर, "वरच्या मजल्यावर असंच येतं" असं म्हणाला. वरच्या मजल्यामुळेच असं येत असेल, तर नवा व्हॉल्व्ह बसवून काय होणार, याचं उत्तर मिळालं नाही. भेटीचे पैसे दिले आणि त्याला जाऊ दिलं.

15 जून, शनिवार

फ्रिज पुढे ओढला. दोघं लागतात, आणि आधी पुढच्या पायांचे स्क्रू वर घ्यावे लागतात, नाहीतर लाद्यांवर चरे पडतात. प्लग काढला. ओट्याखालचा पाव इंची कॉक बंद केला.

मागे दोन गोष्टी सापडल्या.

एक, पांढरी पाव इंची नळी भिंत आणि फ्रिजच्या मधे चेपली होती. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजची जागा मुळातच तंग, त्यामुळे बसवताना तो मागे रेटला गेला आणि नळीला जिथे मुडप पडली तिथे पांढरट रेघ उठली होती. अशी रेघ उठलेली नळी हाताने सरळ केली तरी पुन्हा तिथेच मुडपते. तेवढा तुकडा कापून टाकला आणि मागे हातभर मोठा वेटोळा सोडला. आता फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे आहे. पॅसेजमध्ये तो आता सगळ्यांच्या खांद्याला लागतो, त्याला इलाज नाही.

नळी कापायला कात्री वापरू नका. कात्रीने टोक चपटं आणि तिरपं होतं आणि पुश कनेक्टरच्या आतल्या रबरी रिंगला नीट टेकत नाही. नवीन ब्लेडने, लाकडी पाटावर ठेवून, एका दाबात काटकोनात कापा. मग कनेक्टरमध्ये ढकला आणि पहिल्यांदा अडली तिथे थांबू नका. आणखी अर्धा इंच आत जाते. मी नळीवर पेनने खूण करूनच ढकलली.

दोन, व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली जाळी. मागचं छोटं झाकण काढलं की खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा व्हॉल्व्ह दिसतो, त्यावर तारांची वेटोळी. पाणी जिथून आत शिरतं तिथे करंगळीच्या नखाएवढी जाळी असते. टॉर्च लावून पाहिलं तर तिच्यावर पांढरा धागा आडवा पडलेला. चिमट्याने ओढला तसा तो लांबतच गेला, बोटभर तरी असेल: टेफ्लॉन टेप. बसवताना कोणीतरी आट्यांवर सढळ हाताने गुंडाळली, कडेची चिंधी सुटली आणि पाण्याबरोबर येऊन जाळीला चिकटली. सोबत थोडी बारीक रेती होती. मऊ टूथब्रशने जाळी साफ केली, टोकदार काही घातलं नाही.

व्हॉल्व्ह बाहेर होताच, म्हणून मल्टिमीटरने वेटोळ्यांचा रोध मोजला. पाण्याच्या आणि बर्फाच्या दोन्ही वेटोळ्यांचा रोध जवळजवळ सारखाच आला. एखादी जळली असती तर काटा हललाच नसता. व्हॉल्व्ह धडधाकट आहे. हे मोजताना फ्रिजचा प्लग काढलेलाच हवा. काही फ्रिजमध्ये या वेटोळ्यांना थेट 230 व्होल्ट जातात.

संध्याकाळी पाच वाजता 10 सेकंदांत 80 मिली. खर्च शून्य, वेळ मात्र जवळजवळ अख्खी दुपार गेली, त्यातला निम्मा फ्रिज हलवण्यात.

16 जून, रविवार

फिल्टर काढून त्या जागी बायपासचं झाकण लावलं. फ्रिजसोबत आलेल्या पिशवीत असतं, बहुतेक घरांत ते हरवलेलं असतं. 105 मिली. म्हणजे जुना फिल्टर पाणी अडवतोय हे खरं, पण फिल्टर अजिबात नसतानाही धार पुरेशी नाही. नवा फिल्टर घातला असता तर आकडा 80 आणि 105 च्या मधे कुठेतरी आला असता आणि तीन हजार जाऊन तांब्या तसाच लावून ठेवावा लागला असता.

मुंबईच्या तलावांचं पाणी मुळात मऊ, क्षार कमी. बोअरच्या पाण्यासारखा इथे नळ्यांत थर साचत नाही, फिल्टर तुंबतो तो गाळाने. म्हणून व्हिनेगर टाकून नळ्या धुण्याचे जे सल्ले मिळाले ते सोडून दिले.

22 जून, शनिवार

नागदेवी स्ट्रीटवरून प्रेशर गेज आणला. 0 ते 4 किलोचा (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढ्या किलोचा दाब), पाव इंची आट्यांचा, सोबत नळाला जोडायचा पितळी निपल, दोन्ही मिळून साडेतीनशे. दुकानदार 10 किलोचा देत होता, तो घेऊ नका. आपल्याला पहिल्या अर्ध्या किलोतच वाचायचं असतं आणि मोठ्या गेजवर तिथे काटा हलल्याचं कळतही नाही.

ओट्याखालच्या कॉकला लावला. घरातले सगळे नळ बंद असताना अर्धा किलो. बाथरूमचा शॉवर सोडला की 0.3. फ्रिजच्या पुस्तकातली मर्यादा 138 ते 862 किलोपास्कल. प्लंबरच्या भाषेत कमीत कमी 1.4 किलो. गरजेच्या एक तृतीयांश प्रेशरवर हा फ्रिज दोन वर्षं चालला, हेच विशेष.

हिशोब अवघड नाही, आणि माझ्या मते हा हिशोब फ्रिज घेतानाच करायला हवा. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. भांडुपचं शुद्धीकरण केंद्र आमच्या बाजूलाच आहे, पालिकेच्या लाइनीला जोर किती याच्याशी मात्र माझ्या स्वयंपाकघराला काही देणंघेणं नाही. ते पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथला पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि पुढे घरात येतं ते फक्त उंचीच्या बळावर. आमची टाकी गच्चीतल्या जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर आहे. टाकीच्या तळापासून माझ्या कॉकपर्यंत पाचेक मीटर. पाच मीटर म्हणजे अर्धा किलो. गेजने दाखवलं तेवढंच.

प्रत्येक मजल्याला तीन मीटर धरले तर 1.4 किलोसाठी टाकीपासून चौदा मीटर खाली यावं लागतं. म्हणजे आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंतच्या लोकांचा असा फ्रिज बिनतक्रार चालेल. पाचवा, सहावा, सातवा, तिघंही तोट्यात. फ्रिज दाखवताना दुकानात "पाण्याचं कनेक्शन आहे ना?" एवढंच विचारतात. कितव्या मजल्यावर राहता, हे कोणी विचारत नाही.

मेअखेरीला धार आणखी का घसरली तेही कळलं. पालिकेची पाणीकपात 30 मेपासून 5 टक्के, 5 जूनपासून 10 टक्के. खालची टाकी पूर्ण भरत नाही, म्हणून वरचीही काठोकाठ भरत नाही. टाकीतलं पाणी मीटरभर उतरलं की माझा दहावा हिस्सा किलो जातो. अर्ध्या किलोतून तेवढा जाणं फार झालं.

29 जून, शनिवार

ठरलं: फ्रिजच्या आधी छोटा बूस्टर पंप. आरओ मशिनमध्ये असतो तोच, 24 व्होल्टचा. 75 जीपीडीचा (जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन) सगळीकडे मिळतो, पण त्याने 10 सेकंदांत 180 मिली मिळणं अवघड, म्हणून 100 जीपीडीचा घेतला. स्टेशनजवळच्या आरओ दुकानातून पंप 1,400, 24 व्होल्टचा अडॅप्टर 450, लो प्रेशर आणि हाय प्रेशर स्विच मिळून 220, गाळ अडवणारा स्पन फिल्टर भांड्यासकट 500, नळी, टी, एनआरव्ही (पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) वगैरे साडेतीनशे. नवा फ्रिज फिल्टर ओरिजिनल, 2,900.

एक ताकीद. हा पंप सोसायटीच्या टाकीतून येणाऱ्या लाइनीवर आहे. ज्यांच्या घरात पालिकेची लाइन थेट येते (चाळी, जुनी बैठी घरं, काही इमारतींचे तळमजले) त्यांनी तिला पंप लावायचा नाही. ते बेकायदा आहे, आणि शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच.

30 जून, रविवार

जोडणीचा क्रम: कॉक, स्पन फिल्टर, लो प्रेशर स्विच, पंप, एनआरव्ही, हाय प्रेशर स्विच, फ्रिज. दोन्ही स्विच 24 व्होल्टच्या तारेवर एकापाठोपाठ. पाणी नसेल तर पहिला पंप बंद करतो, प्रेशर भरलं की दुसरा. अडॅप्टर ओट्याखाली जमिनीवर ठेवला नाही, वर कपाटाच्या फळीला स्क्रूने लावला, कारण ओट्याखाली कधी ना कधी पाणी सांडतंच.

सुरू केलं आणि पंप टक-टक-टक करत अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला चालू-बंद व्हायला लागला. धार आली ती उचकी लागल्यासारखी. तासभर तारा तपासण्यात गेला. तारा बरोबर होत्या.

दुकानात फोन लावला तर म्हणाले, लो प्रेशर स्विच काढून तारा थेट जोडा, सगळे तेच करतात. नको. कपातीच्या दिवसांत टाकी रिकामी होते, पंप कोरडा चालून जळला तर चौदाशे पाण्यात. किंबहुना पाण्याविना. संध्याकाळी सगळं बंद केलं.

7 जुलै, रविवार

उचकीचं कारण सापडलं. लो प्रेशर स्विच अर्ध्या किलोच्या जरा खाली बंद पडतो. माझं प्रेशरच अर्धा किलो. पंप सुरू झाला की तो पाणी ओढतो, त्यात स्पन फिल्टर थोडं अडवतो, मग स्विचपाशी प्रेशर पडतं, स्विच पंप थांबवतो, पंप थांबला की प्रेशर परत येतं, स्विच पुन्हा चालू. खालच्या मजल्यावर ही भानगड होणारच नाही, म्हणून दुकानात कोणाला ठाऊक नाही.

दोन बदल केले. स्विच स्पन फिल्टरच्या आधी, कॉकला लागूनच बसवला. आणि मी पंप, स्पन, स्विच सगळं ओट्याखालच्या भिंतीवर वरच्या बाजूला टांगलं होतं, ते उतरवून जमिनीलगत आणलं. पाऊण मीटर खाली आलं की पाऊण दशांश किलो फुकट मिळतं. एरवी हसण्यावारी न्यावा असा आकडा, पण इथे त्यानेच काम झालं. टक-टक बंद. आंघोळीच्या वेळी शॉवर आणि डिस्पेन्सर एकदम सुरू असले तर अजून एखाद्या वेळी पंप थांबतो. ते चालवून घेणार.

नव्या फिल्टरसकट 10 सेकंदांत 150 मिली. फिल्टर बदलल्यावर सुरुवातीला पाणी थुंकल्यासारखं येतं, आत हवा असते. बादलीभर पाणी सोडून दिलं (ते झाडांना घातलं), मग सरळ झालं.

फ्रिजमागच्या जुन्या कनेक्टरमधून थेंब पडायला लागले. अर्ध्या किलोला जो कनेक्टर गप्प होता तो पावणेतीन किलोला बोलला. तीस रुपयांचा नवा घातला. पंप लावल्यावर पहिली रात्र प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा, सकाळी कुठे ओलं आहे ते लगेच कळतं.

8 जुलै, सोमवार

रात्रभर धो धो पाऊस, लोकल बंद, घरीच. कागद सगळे कोरडे.

13 जुलै, शनिवार

धार ठीक, पण आवाज! प्रत्येक घोटाला पंप घरघरतो. सासूबाई रात्री दीडला पाणी प्यायल्या की सगळं घर जागं. त्या म्हणाल्या, "अगं, मी माठातलंच पिते, राहू दे तुझं यंत्र."

म्हणून पंपानंतर प्रेशर टाकी लावली, आरओची बारा लिटरवाली, 1,800 रुपये. आत रबरी फुगा असतो, बाहेरच्या बाजूला हवा. तळाशी निळ्या टोपीखाली सायकलसारखा व्हॉल्व्ह आहे. टाकी रिकामी असताना तिथे हवा अर्धा किलो हवी. माझ्या टाकीत जवळजवळ काहीच नव्हती. सायकलच्या पंपाने भरली आणि टायरच्या गेजने पाहिली. ही हवा न तपासता टाकी लावली तर पाणी आत साठतं, पण जोराने बाहेर येत नाही.

आता पावणेतीन किलोला पंप बंद होतो आणि दोनच्या खाली आल्यावर सुरू होतो. त्या दरम्यान लिटरभर पाणी पंप न लागता मिळतं. रात्रीच्या एका ग्लासाला पंप लागत नाही. मोजलं तर 190 मिली. पंपाखाली जुन्या माउस पॅडचे दोन तुकडे ठेवले, त्याने थरथर गेली.

पहिले दोन दिवस पाण्याला रबराचा वास येतो. टाकी दोन-तीनदा पूर्ण भरून रिकामी करावी लागते.

21 जुलै, रविवार

काल तुळशी तलाव भरून वाहायला लागला. आमच्याकडे त्याची खबर स्पन फिल्टरने आधीच दिली होती: तीन आठवड्यांत पांढराशुभ्र कापूस मातकट तपकिरी, बाहेरून बोट फिरवलं तर चिकट. हा सगळा गाळ एरवी 2,900 च्या फिल्टरमध्ये गेला असता. स्पनचं कार्ट्रिज सव्वाशेला मिळतं. बदललं. पावसाळ्यात महिन्याला एक धरून चालणार, पुढे रंग बघून.

29 जुलै, सोमवार

आजपासून पाणीकपात मागे. टाकी काठोकाठ भरली तसं कॉकपाशी 0.6. पंपाला सुख.

4 ऑगस्ट, रविवार

सकाळी डिस्पेन्सरमधून एक थेंबही नाही. पंप बंद, गेजवर पावणेतीन किलो, दाबलं की मागे व्हॉल्व्हचा टक आवाजही येतो. म्हणजे पाणी फ्रिजपर्यंत आहे, पुढे अडलंय.

फ्रीझरचं तापमान पाहिलं: उणे 23. मुलाने कुल्फी लवकर जमावी म्हणून परवा खाली आणून ठेवलं होतं. डिस्पेन्सरची नळी फ्रीझरच्या दारातूनच वर जाते, तीत पाणी गोठलं. तापमान उणे 18 वर आणलं, दार आतून हेअर ड्रायरने कमी गरम हवेवर शेकत राहिले, एका जागी धरून न ठेवता, नाहीतर प्लास्टिक वाकतं. वीस मिनिटांनी आधी एक खडा आला, मग पाणी.

बारीक धार आणि बंद धार हे दोन वेगळे आजार आहेत. धार हळूहळू बारीक झाली तर नळापासून सुरुवात करा. अचानक बंद झाली आणि व्हॉल्व्हचा आवाज येत असेल तर आधी फ्रीझरचं तापमान बघा.

11 ऑगस्ट, रविवार

खर्चाची बेरीज: आठ हजारांच्या आसपास, त्यातले 2,900 फ्रिजच्या फिल्टरचे, जे आज ना उद्या गेलेच असते. सेवा केंद्राने सांगितलेल्या साडेसहा हजारांपेक्षा हे जास्तच झाले. फरक एवढाच की व्हॉल्व्ह जुनाच आहे आणि पाणी येतंय.

सहाव्या मजल्यावरचे काका येऊन बघून गेले. त्यांचा फ्रिजही असाच, धार "बरी, पण कंटाळवाणी". त्यांच्याकडे गेज 0.8 दाखवतो. मी त्यांना पंप लगेच घेऊ नका म्हटलंय. आधी फ्रिज पुढे ओढून नळी सरळ करा, जाळी बघा, बायपास लावून मोजा. 0.8 वर एवढ्याने भागण्यासारखं आहे. काकांना पंपच हवाय, कारण माझ्याकडे आहे. काकू मात्र आधी फ्रिज ओढायला तयार आहेत, मागे कचरा किती साठलाय ते त्यांना बघायचंय.

आम्ही गावी जातो तेव्हा अडॅप्टरचं बटण आणि कॉक दोन्ही बंद करायची चिठ्ठी ओट्याखालच्या दाराच्या आतून चिकटवली आहे. पुढचा फिल्टर डिसेंबरअखेर.